साठ वर्षांचा अनुशेष

विदर्भातल्या माणसाला 'अनुशेष' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष हे शब्द कानावर घेतच आमची पिढी वाढली. १९५३ साली नागपूर करार झाला, १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली, तिने कोणत्या जिल्ह्याचे काय किती मागे राहिले याचा हिशेब मांडला, आणि त्या हिशेबावर पुढे कित्येक वर्षे भाषणे झाली. क्रिकेटचा अनुशेष मोजायला मात्र कोणतीही समिती नेमली गेली नाही. तशी गरजही नव्हती, कारण हा हिशेब बोटांवर होण्यासारखा होता. विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या मैदानात पहिल्यांदा उतरला १९५७-५८ च्या हंगामात. करंडक पहिल्यांदा हाती आला १ जानेवारी २०१८ रोजी. मधली साठ वर्षे हा आमचा अनुशेष.

त्यात दैवाची थट्टा अशी की, आम्ही उतरलो त्याच्या पुढच्याच हंगामापासून मुंबईने करंडक जिंकायला जी सुरुवात केली, ती १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे थांबवली नाही. म्हणजे मुंबईच्या एखाद्या मुलाला कळू लागल्यापासून मिसरूड फुटेपर्यंत आपला संघ हरतो ही गोष्टच ठाऊक नव्हती, आणि इकडे आमगावात, तिरोड्यात, गोंदियात वाढणाऱ्या आमच्यासारख्यांना आपला संघ जिंकतो म्हणजे नेमके काय होते, याचा पत्ता नव्हता.

राजकारणातले वेगळे विदर्भ राज्य व्हावे की होऊ नये, यावर आमच्याकडे आजही पानठेल्यावर तासभर सहज जातो. क्रिकेटच्या नकाशावर ते केव्हाचेच झालेले आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. राज्य एक, पण रणजीतले संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती ती राहिली नाही, आणि आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. रणजीच्या पहिल्या हंगामापासून, १९३४-३५ पासून, इथले खेळाडू 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या नावाने खेळत असत. पुनर्रचनेनंतरच्या पुढच्याच हंगामात 'विदर्भ' या नावाचा संघ धावफलकावर आला. राजधानी गेली, संघ मिळाला. सौदा कुणाला कसा वाटेल तो वाटो.

नागपूरच्या मातीत क्रिकेट नव्हते, असे मात्र कुणी म्हणू नये. भारताचा पहिला कसोटी कर्णधार, १९३२ साली लॉर्ड्सवर संघ घेऊन उतरलेला सी. के. नायडू, जन्मला नागपुरात, ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर त्याने एमसीसीच्या गोलंदाजांना अकरा षटकार मारून १५३ धावा केल्या, ती खेळी लोक पुढे पन्नास वर्षे सांगत राहिले. पण तोवर तो नागपूरचा उरला नव्हता. १९२३ साली इंदूरच्या होळकरांनी त्याला बोलावून घेतले, फौजेत हुद्दा दिला, आणि पुढे त्याच्याच जोरावर होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. आमच्याकडचा पहिला मोठा खेळाडू आमच्याकडून गेला तो असा. नंतरही पुष्कळ गेले. कुणी रेल्वेत नोकरी मिळाली म्हणून रेल्वेकडून खेळू लागला, कुणी बँकेच्या बदलीबरोबर गेला. ज्याच्या घरी चूल पेटवायची पंचाईत, त्याने विदर्भाचा अभिमान बाळगून नागपुरात बसून राहावे, ही अपेक्षा कुणी कुणाकडून करावी?

माझ्या लहानपणी आमगावला नागपूरचे वर्तमानपत्र गाडीने येई. स्टेशनाबाहेरच्या दुकानातून ते घरी पोहोचेपर्यंत दुपार कलत असे, आणि वडिलांचे वाचून झाल्यावर ते माझ्या हाती पडे. मी शेवटून वाचत असे. क्रीडा पानाच्या तळाशी, नेमबाजीच्या निकालाच्या शेजारी, 'संक्षिप्त धावफलक' म्हणून चार ओळी असत. त्यात विदर्भ आपला पहिला डाव, दुसरा डाव आणि सामना असे तिन्ही क्रमाने गमावलेला असे. डावाने हरलो नाही, याचाही एक आनंद असतो. तो मी त्या वयात पुष्कळ उपभोगला. एखाद्या हंगामात सामना अनिर्णित राहिला की आमचे गणिताचे मास्तर वर्गात म्हणत, "चला, आज विदर्भ हरला नाही, आज गृहपाठ नाही." मास्तरांचे हे औदार्य फार महागात पडण्याची भीती नव्हती.

त्या वेळी रणजीचे सामने विभागवार होत. मध्य विभागातल्या मोजक्या संघांशी तीन-तीन दिवसांचे मोजके सामने खेळले की विदर्भाच्या खेळाडूचा हंगाम संपे. बाकीचे अकरा महिने नोकरी, क्लबचे सामने आणि वाट पाहणे. अशा परिस्थितीत प्रीतम गंधे यांच्यासारखा ऑफस्पिनर वर्षानुवर्षे गोलंदाजी करत राहिला, बळी घेत राहिला, कर्णधारपदही सांभाळले. देशात इतरत्र किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आमच्याकडे ते घराघरात होते. मोठ्या संघातल्या साधारण खेळाडूला जी प्रसिद्धी मिळते, ती लहान संघातल्या चांगल्या खेळाडूला मिळत नाही, आणि तरी तो दरवर्षी हिवाळ्यात पांढरे कपडे घालून उभा राहतो. या माणसांबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. सचिन, गावसकर यांच्याबद्दल वाटतो त्याहून वेगळ्या जातीचा.

याच काळात नागपुरात कसोटी सामनेही होत होते, हे आणखी एक नवल. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर पहिली कसोटी झाली ऑक्टोबर १९६९ मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध, आणि भारत ती १६७ धावांनी हरला. जगातले मोठे खेळाडू नागपूरला येत, संत्री खाऊन जात. मैदान पहिल्या दर्जाचे, प्रेक्षक पहिल्या दर्जाचे, फक्त संघ तेवढा तळाचा. लग्नाचा हॉल आपला, जेवणावळ आपली, आणि नवरदेव दरवेळी परगावचा!

अमेरिकेत बेसबॉलची एक पद्धत आहे, ती या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तिथे न्यूयॉर्क, शिकागो अशा महानगरांचे मोठे संघ असतात, आणि त्यांच्याशी जोडलेले छोट्या शहरांचे छोटे संघ असतात. छोट्या संघात मुलगा तयार होतो आणि पायरी-पायरीने वर जातो. अशा संघांना तिकडे 'फार्म' म्हणतात, म्हणजे चक्क शेत. आमच्या धानपट्ट्यातल्या माणसाला ही कल्पना लगेच समजेल. आधी एका कोपऱ्यात पऱ्हे टाकायचे, ते वीतभर झाले की उपटून मोठ्या बांधीत रोवायचे. ओहायो राज्यात टोलेडो नावाचे शहर आहे, तिथल्या संघाला १८९६ पासून लोक 'मड हेन्स' म्हणतात, म्हणजे दलदलीतल्या पाणकोंबड्या, कारण त्यांचे जुने मैदान पाणथळीच्या काठी होते. हा संघ मोठा नाही, कधी होणारही नाही, पण गावाला त्याचा अभिमान आहे. उद्या गोंदियाचा असा संघ निघालाच तर त्याचे नाव आधीच ठरलेले आहे. महाराष्ट्रातले सारस पक्षी मुख्यतः आमच्याच तळ्यांच्या आणि बांध्यांच्या आश्रयाने राहिले आहेत.

पण त्या अमेरिकेतही २०२१ साली काय झाले पाहा. मोठ्या लीगने हिशेब मांडला आणि जोडलेल्या छोट्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. चाळीस गावांचा मोठ्या खेळाशी असलेला धागा एका हंगामात तुटला. कारण दिले खर्चाचे आणि दर्जाचे. हे 'दर्जा' प्रकरण आम्हाला नवे नाही. "या दुबळ्या संघांशी खेळून मुंबई-दिल्लीच्या फलंदाजांची सरासरी फुगते, यांना रणजीत ठेवायचे कशाला?" हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकलेला आहे. २००२-०३ पासून रणजीत वरचा 'एलिट' आणि खालचा 'प्लेट' असे दोन गट पडले, तेव्हा तर खालच्या पंगतीचे पानही वेगळे झाले. विदर्भ त्या पंगतीला पुष्कळदा बसला. मानहानी होतीच, पण मला वाटते फायदाही झाला. आपल्याच बरोबरीच्यांशी खेळताना जिंकण्याची सवय लागते, आणि वर जाण्याची शिडी डोळ्यांसमोर असते.

आता थोडे आमच्याकडच्या खेळाबद्दल. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण खेळाचे पंचांग त्याच्या कितीतरी आधीपासून धानाच्या हाताने लिहिलेले आहे. रोवणीच्या दिवसांत चेंडू दिसत नाही. दिवाळीनंतर धान कापून झाले की बांध्या मोकळ्या होतात, गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार होते, आणि दिवसा त्या मोकळ्या बांध्यांतून मुले टेनिसच्या चेंडूचे सामने मांडतात. दोन-तीन बांध्यांच्या धुऱ्या सीमारेषा होतात. खाली धानाची खुंटे असतात, त्यावर टप्पा पडला की चेंडू कुठे जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, म्हणून मधली पट्टी शेणाने सारवून, पाणी मारून, धुम्मस करून कडक करायची. कुठे आटलेल्या मामा तलावाच्या पोटात मैदान निघते. बक्षीस कधी रोख, कधी बोकड. शंकरपट पाहायला जमणारी गर्दी तीच, आरडाओरडाही तोच, फक्त बैलांच्या जागी पोरे.

या खेळातून एक खास गोलंदाज तयार होतो. टेनिसचा चेंडू हलका, तो नुसत्या हाताने वेगात जात नाही, सगळे अंग त्याच्यामागे झोकावे लागते. असा गोलंदाज पूर्व विदर्भात गावागणिक एक असतो. पुढे काय होते? वीस-बावीस वर्षांचा होतो, राईस मिलवर हिशेब लिहू लागतो किंवा पोलीस भरतीची तयारी करतो, आणि खांदा हळूहळू विसरतो. माझ्याबरोबर खेळलेला असा एक जण होता. निवड चाचणीसाठी त्याने पहाटेची गाडी धरून नागपूर गाठले. आमगावहून गोंदिया, तिथून पुढे तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी. उभ्याने प्रवास, उधारीचे बूट. चाचणीत प्रत्येकाला सहा चेंडू मिळत होते. चामड्याचा चेंडू त्याने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता. संध्याकाळच्या गाडीने तो परत आला आणि पुन्हा कधी गेला नाही. त्याच्या त्या सहा चेंडूंत काय होते हे कुणी पाहिले असेल असे मला वाटत नाही.

म्हणूनच उमेश यादवची गोष्ट मी कुणालाही, कितीही वेळा सांगायला तयार असतो. नागपूर जिल्ह्यातल्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला हा मुलगा. वडील खाणीत कामाला. पोरगा पोलिसात लागावा ही घरची अपेक्षा, आणि ते नशिबात नव्हते. विशीपर्यंत तो टेनिसच्या चेंडूवरच खेळत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये मध्य प्रदेशाविरुद्ध रणजीत उतरला आणि तीनच वर्षांनी, नोव्हेंबर २०११ मध्ये, दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध भारताची टोपी डोक्यावर. विदर्भाकडून खेळून कसोटी संघात पोहोचलेला तो पहिला. ५७ कसोटी, १७० बळी. विदर्भाचा संघ तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता, पण तो होता, म्हणून उमेश होता. दर्जाच्या नावाखाली तो संघ कुणी आधीच मोडीत काढला असता, तर खाणीच्या वसाहतीतला हा पोरगा कोणत्या दारावर थाप मारणार होता? मुंबईच्या?

संघ बदलला कसा, याबद्दल आमच्याकडे दोन मते आहेत. एक मत म्हणते, पैसा आला. ते खरे आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मंडळाकडे आलेला पैसा राज्य संघटनांपर्यंत झिरपला. वर्धा रोडवर जामठ्याला नवे स्टेडियम उभे राहिले, तिथे नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली, ती सौरव गांगुलीची शेवटची. निवासी अकादमी सुरू झाली, वयोगटांच्या संघांना बाहेरून चांगले प्रशिक्षक आणले गेले. आज वरच्या संघात जी नावे दिसतात, त्यांतली पुष्कळशी त्या पहिल्या काही वर्षांच्या पेरणीची आहेत. दुसरे मत म्हणते, बाहेरचे खेळाडू आणले म्हणून जिंकलो, यात आपले काय? बद्रीनाथ तामिळनाडूचा, गणेश सतीश कर्नाटकचा, वसीम जाफर मुंबईचा, पुढे करुण नायरही कर्नाटकचा. हे मत मांडणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, सी. के. इंदूरला गेला तेव्हा होळकरांचे जिंकणे खोटे ठरले होते काय?

आणि जाफरची बाब तर वेगळीच होती. २०१५-१६ ला तो विदर्भाकडे आला, पुढचा हंगाम दुखापतीमुळे हुकला. २०१७-१८ ला तो मानधन न घेता खेळला, असे नंतर वाचनात आले. मार्च २०१८ च्या इराणी करंडकात, वयाची चाळिशी गाठलेल्या या माणसाने जामठ्यावर शेष भारताविरुद्ध २८६ धावा केल्या, आणि विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव घोषित केला. आठशे! ज्यांनी चार ओळींच्या धावफलकात विदर्भाचे शंभरीच्या आसपासचे डाव वाचत बालपण काढले, त्यांनी तो आकडा छापण्याची चूक समजून दोनदा वाचला असेल.

पण २०१७-१८ च्या त्या हंगामाबद्दल सविस्तर सांगायला हवे. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, मुंबईचा माणूस, शिस्तीला कडक. कर्णधार फैज फजल, अस्सल नागपूरकर, भारताकडून २०१६ मध्ये झिंबाब्वेत एकच एकदिवसीय सामना मिळाला, त्यात नाबाद ५५ केल्या आणि पुन्हा बोलावणे आले नाही. त्याने त्या हंगामात ९१२ धावा काढल्या. उपांत्यपूर्व फेरीत केरळला ४१२ धावांनी हरवले. ही फेरी आम्ही २०१४-१५ आणि २०१५-१६ मध्येही पाहिली होती, पण ओलांडली नव्हती.

उपांत्य सामना कोलकात्याला, कर्नाटकशी. विदर्भ १८५ वर बाद, कर्नाटक ३०१. जुना विदर्भ इथेच संपला असता. दुसऱ्या डावात ३१३ केल्या आणि कर्नाटकला १९८ धावा हव्या, एवढे जेमतेम जमले. शेवटच्या दिवशी सकाळी कर्नाटक ७ बाद १११, विजयाला ८७ हव्या. सोपे वाटले ना? विनय कुमार, मिथुन आणि श्रेयस गोपाल यांनी त्या ८७ धावा एकेक करून इतक्या कमी केल्या की आमच्या घरी चहा कुणी करायचा यावरून भांडण झाले. जागचे हलायला कुणी तयार नव्हते. कर्नाटक १९२ वर बाद झाले. पाच धावांनी जिंकलो. सामन्यात बारा बळी घेतले रजनीश गुरबानीने, शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर असलेल्या मुलाने.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि मैदान कोणते, तर इंदूरचे होळकर स्टेडियम. सी. के. जिथे गेला ते इंदूर. दिल्लीच्या ध्रुव शोरेने १४५ केल्या, आणि डावाच्या शेवटी गुरबानीने त्याच्यासह तिघांचा लागोपाठ त्रिफळा उडवला. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक याआधी एकाच गोलंदाजाने घेतली होती, तामिळनाडूच्या कल्याणसुंदरमने, १९७२-७३ मध्ये. मग अक्षय वाडकरने १३३ केल्या, ते त्याचे पहिलेच प्रथम श्रेणी शतक, आणि विदर्भ ५४७ पर्यंत गेला. २९ धावांचे लक्ष्य उरले होते, ते एक गडी गमावून गाठले. नववर्षाचा पहिला दिवस होता. गोंदियाच्या बाजारात त्या संध्याकाळी फटाके वाजले. काही लोकांना ते नववर्षाचे वाटले असतील.

पुढचा हिशेब भराभर सांगतो. २०१८-१९ ला पुन्हा करंडक, यावेळी नागपुरात, सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून. डावखुऱ्या आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली. त्याच फेब्रुवारीत इराणी करंडकही राखला आणि बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या हुतात्म्यांच्या कुटुंबांना दिली. २०२३-२४ ला अंतिम सामन्यात वानखेडेवर मुंबईकडून हरलो. ५३८ चे लक्ष्य असताना ३६८ पर्यंत झुंजलो. पुढच्याच वर्षी उपांत्य फेरीत मुंबईला ८० धावांनी हरवून परतफेड केली आणि मार्च २०२५ मध्ये केरळवर पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीने तिसरा करंडक घेतला. दानिश मालेवार १५३, करुण नायर ८६ आणि १३५. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम. आणि केरळकडून ७९ धावा काढून आम्हाला सतावणारा फलंदाज कोण? आदित्य सरवटे. तो आता त्यांच्याकडून खेळत होता. नागपुरातून माणसे जात होती ती आजही जातात. फरक एवढाच की आता मागे राहणारे जिंकतात.

इथवर सगळे गोड आहे. आता थोडे कडू. २०१८-१९ ला मंडळाने रणजीत नऊ नवे संघ आणले, ईशान्येची राज्ये, बिहार, उत्तराखंड, पुद्दुचेरी. संघांची संख्या ३७ झाली. तेव्हा नागपुरात, चांगल्या जाणत्या क्रिकेटप्रेमींच्या तोंडून मी ऐकले: "हे कसले संघ? दर्जा घसरला." ज्यांनी हेच वाक्य मुंबईकरांकडून पचवले, त्यांच्या तोंडी ते इतक्या लवकर यावे? त्याच हंगामात यांतला उत्तराखंड आमच्याविरुद्ध नागपुरातच उपांत्यपूर्व फेरी खेळला. डावाने हरला. आपणही असेच हरत हरत इथवर आलो.

आणि हा प्रश्न ईशान्येपेक्षा जवळ, वैनगंगेच्या अलीकडे आहे. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. अकोल्याने अथर्व तायडे दिला, आदित्य ठाकरे दिला, ज्याला थेट इंदूरच्या त्या अंतिम सामन्यातच पहिली संधी मिळाली. अमरावतीने जितेश शर्मा दिला, मुलींमध्ये भारती फुलमाळी दिली. पश्चिमेकडे धागा पोहोचला. पूर्वेकडे, गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या बाजूला तो किती पोहोचला, हे प्रत्येकाने आपल्या गावाकडे पाहून सांगावे. मी माझ्या आयुष्यात आमच्या गावच्या आसपास रणजीचा सामना पाहिलेला नाही. विदर्भाने मुंबईकडे जो अनुशेष मागितला, त्याच मापाने मोजायचे तर आता नागपूर देणेकरी आहे. मुंबई ते नागपूर हे अंतर जेवढे आम्हाला खुपत होते, तेवढेच गोंदिया ते नागपूर हे एकशे तीस किलोमीटरचे अंतर पहाटेच्या गाडीत उभ्या असलेल्या मुलाला खुपते.

लहान जागी मोठा सामना होत नाही, असे कुणी सांगू नये. केरळाने वायनाडसारख्या डोंगरी जिल्ह्यात, कृष्णगिरीला, मैदान उभे केले. जानेवारी २०१९ मध्ये रणजीची उपांत्य लढत तिथेच झाली, आणि ती खेळला कोण, तर विदर्भच. उमेशने बारा बळी घेऊन दोन दिवसांत ती संपवली. हरयाणात रोहतकजवळ लाहली नावाचे खेडे आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर आपला शेवटचा रणजी सामना तिथे खेळला, आणि नाबाद ७९ धावा करून मुंबईला जिंकून दिले. लाहलीच्या आसपासच्या शाळांतली मुले तो सामना पाहायला आली असतील, त्यांतल्या एखाद्याने घरी जाऊन काय स्वप्न पाहिले असेल, ते सांगायला आकडेवारी लागत नाही.

गोंदियातून विदर्भ एक्स्प्रेस सुटते, महाराष्ट्र एक्स्प्रेस सुटते, हावडा-मुंबई मार्गावरचे हे जंक्शन आहे. संघ आणायला-न्यायला अडचण नाही. लागते ती एक चांगली खेळपट्टी, तिची निगा राखणारा माळी, आणि सामना देण्याची नागपूरची तयारी. खेळपट्टी रुजायला दोन-तीन वर्षे लागतील, तोवर वयोगटाचे सामने द्यावेत, चाचण्या इथे घ्याव्यात आणि मुलाला सहाऐवजी निदान साठ चेंडू टाकू द्यावेत. पुढे रणजीचा एक सामना दरवर्षी. तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली धरावी. सकाळी धुके असते, नवा चेंडू चांगला वळतो, आणि मळणी आटोपल्यामुळे पोरांबरोबर त्यांचे बापही मोकळे असतात.